अपडेटने बोर्ड गेला म्हणाले, आणि माझी चांगली बॅटरी काढून घेतली

यंदाच्या मे महिन्यात माझी फसवणूक झाली. रोख ४२०० गेले, नंतर बॅटरीचे १६५० गेले आणि फोनची वॉरंटी गेली. आमच्या भागात हा प्रकार अजून चालू आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या हातात एकही कागद नाही. तो का नाही, तेही पुढे येईलच.

मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. फोन आमच्यासाठी करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर आहे. थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत आली की घरून फोन लावायचा, मोटार सुरू होते. सकाळी बऱ्हाणपूरच्या बाजाराचे केळीचे भाव फोनवर येतात. कापणीसाठी गाडी कधी लागणार ते व्यापाऱ्याचा माणूस फोनवरच कळवतो. ई-पीक पाहणीही फोनवर. मागच्या धनत्रयोदशीला १८ हजार ५०० रुपयांचा नवा फोन घेतला तो यासाठीच. सात महिने त्याने एकदाही त्रास दिला नव्हता.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी रात्री सूचना आली की सिस्टीम अपडेट तयार आहे, रात्री इन्स्टॉल करू का. मी होकार दिला आणि झोपलो. सकाळी फोन हातात घेतला तर गरम लागला. एरवी सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत निम्मी उरायची, ती दुपारी बारालाच तीस टक्क्यांवर आली. नेटवर्कचंही तसंच. ओट्यावर दोन काड्या दिसायच्या, मळ्यात गेलं की ‘सेवा उपलब्ध नाही’. त्या रात्री एक वाजता लाईट आली आणि स्टार्टरला फोन लागेना. टॉर्च घेऊन पायी मळ्यात गेलो आणि हाताने मोटार चालू केली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. घड भरलेल्या बागेला एक पाळी चुकली तरी झाड मान टाकतं. त्यामुळे मी घाबरलो आणि गुरुवारी सकाळीच तालुक्याला गेलो.

दुकान मोठं, काचेचं. काउंटरवरच्या माणसाने फोन हातात घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, “आप्पा, अपडेट टाकलं ना तुम्ही?”

मी काहीही सांगायच्या आत त्याने दुखणं ओळखलं, म्हणजे माणूस जाणकार आहे असं मला वाटलं. आज कळतं की त्या आठवड्यात तोच अपडेट त्या मॉडेलच्या सगळ्याच फोनवर आला असणार आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत असणार.

“तिथंच चुकलं. या मॉडेलचे रोज चार येतात. अपडेटने नेटवर्क सेक्शन उडतो, बोर्ड जातो.” बोर्ड म्हणजे फोनच्या आतली मुख्य सर्किटची पाटी. त्याने चार्जरच्या वायरीमध्ये एक छोटं मीटर लावलं. त्यावर आकडे खालीवर होऊ लागले. “पाहा, किती करंट ओढतोय. शॉर्ट आहे.” मग तो माझ्या मनातलंच बोलल्यासारखं बोलला, “कंपनीकडे गेलात तर नवीन बोर्डाचे नऊ हजार घेतील, पंधरा दिवस फोन ठेवून घेतील आणि डेटा सगळा उडेल. मी चांगला सेकंड बोर्ड टाकतो. ४२०० द्या. तुमचे फोटो, नंबर जसेच्या तसे राहतील.”

पंधरा दिवस फोन नाही म्हटल्यावर माझा जीव खालीवर झाला. घासाघीस केली, तो एक रुपया उतरला नाही. स्क्रीन उघडायचा पॅटर्न मागितला, मी दिला. फोन रात्रभर ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तेव्हा नेटवर्क पूर्ण, काड्या भरलेल्या. तो म्हणाला, “बोर्ड बदलला. आणि बॅटरीपण थोडी डाऊन होती, तीपण नवीन टाकून दिली, तिचे पैसे घेत नाही.” पैसे रोख दिले, कारण फोन त्याच्याच हातात होता, त्यावरून ऑनलाईन पाठवणार कसे? बिल मागितलं तर एका कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. दोन दिवसांनी त्या बाजूला जाणं झालं तेव्हा मी त्याच्यासाठी घरच्या केळीच्या दोन फण्या घेऊन गेलो होतो. त्याने त्या हसत घेतल्या. ते आठवलं की पैशापेक्षा जास्त लागतं.

घरी आल्यावर दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. घरच्या वायफायला पासवर्ड पुन्हा टाकावा लागला आणि ट्रॅक्टरच्या टेपचं ब्लूटूथ नव्याने जोडावं लागलं. मी दुकानात फोन केला, तो म्हणाला बोर्ड बदलल्यावर असं होतंच. मला पटलं.

तीन आठवडे गेले. मग चाळीस टक्के दाखवत असताना फोन एकदम बंद पडायला लागला. ज्या दिवशी व्यापाऱ्याच्या मुनिमाने कापणीसाठी फोन केला, त्या दुपारी माझा फोन असाच बंद होता. गाडी दुसऱ्याच्या बागेत लागली. माझी कापणी आठ दिवस लांबली, काही घड झाडावरच पिवळे पडले. आणि एका सकाळी पाहतो तर फोनचं मागचं झाकण एका बाजूने उचललेलं. आतून काहीतरी ढकलत असल्यासारखं.

मुलगा पुण्याला असतो, तो तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने झाकण पाहताच फोन माझ्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि बाहेर ओट्यावर फरशीवर नेऊन ठेवला. बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीत आत वायू धरला की ती अशी फुगते. दाबली गेली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. तीन आठवडे मी तो फोन सदऱ्याच्या खिशात घेऊन उन्हात फिरलो, आणि रात्री लाईट आलेली कळावी म्हणून उशाशी ठेवून झोपलो. नातू माझ्याच बाजूला झोपतो.

दुसऱ्या दिवशी जळगावला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने आमच्यासमोर फोन उघडला. बॅटरीवर कंपनीचं नाव होतं, पण छपाई फिकट आणि वजन हलकं. नकली. बोर्डाच्या स्क्रूवर कंपनीचं एक बारीक सील असतं, ते शाबूत होतं. बोर्डाला कोणी हातही लावलेला नव्हता. झाकण बाहेर उघडलं गेलं होतं आणि नकली बॅटरी बसवलेली होती, म्हणून वॉरंटी त्यांनी नाकारली. सात महिन्यांचा फोन होता, आधी त्यांच्याकडे आणला असता तर तपासणीला एक रुपया लागला नसता असं त्यानेच सांगितलं. नवीन अस्सल बॅटरीचे १६५० भरले.

परत येताना बसमध्ये माझ्या मुलाने मला एकेक गोष्ट समजावली, ती इथे मांडतो, कारण यातली एक जरी आधी माहीत असती तरी मी त्या काउंटरवरून परत फिरलो असतो.

फोटो, नंबर, व्हॉट्सअॅप हे सगळं ज्या मेमरीत असतं ती मेमरी बोर्डालाच जोडलेली असते. दुसरा बोर्ड टाकला की फोन कोरा होतो. ‘बोर्ड बदलतो आणि फोटो जसेच्या तसे ठेवतो’ हे त्याचं वचनच खोटं होतं, आणि नेमकं तेच ऐकून मी तयार झालो होतो. दुसरं, प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय नंबर असतो, तो बोर्डाबरोबर येतो. फोन लावतो तिथे स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की स्क्रीनवर दिसतो. मुलाने घरी येऊन खोक्यावरचा नंबर ताडून पाहिला. दोन्ही सारखेच. सेकंड बोर्ड टाकला असता तर हा नंबर जुळला नसता.

मग त्या दुकानदाराने केलं काय? सेटिंगमध्ये ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ असं एक बटण असतं, ते दाबलं. ते दाबलं की वायफायचे पासवर्ड पुसले जातात आणि ब्लूटूथची जोडणी निघून जाते. माझ्या घरात तेच झालं होतं. शिवाय सिमच्या सेटिंगमध्ये त्याने ५जी काढून ४जी करून ठेवलं होतं. आमच्या मळ्यात ५जीची रेंज अगदी काठावर आहे. अपडेटनंतर ती सेटिंग ५जीवर गेली असावी असं मुलगा म्हणाला. मग फोन सारखा ५जी शोधायचा, सुटायचा, ४जीवर यायचा. रेंज कमी असली की फोन टॉवरला गाठायला जास्त ताकद लावतो, त्यात गरम होतो आणि बॅटरी खातो. दोन मिनिटांचं काम होतं. ते मीटर तर फोन चार्ज होताना किती करंट घेतो एवढंच दाखवतं. कुठल्याही चांगल्या फोनला लावलं तरी आकडे हलतातच.

बॅटरी पहिले दोन-तीन दिवस जास्त उतरणं हेही मोठ्या अपडेटनंतर नेहमीचं. फोन सगळी अॅप्स नव्याने जुळवतो, हजारो फोटो पुन्हा तपासतो, मागे काम चालू राहतं. दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात ते बसतं. मी दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं, म्हणजे ऐन गरम असतानाच.

अपडेटवर लोकांचा संशय असतो तो काही हवेतला नाही, हेही सांगायला हवं. अॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतः कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग त्यांच्या अपडेटने कमी होतो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. पुढे त्यांनी माफी मागून बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. जानेवारी २०२५ मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ए या फोनची बॅटरी एका अपडेटनंतर काही ग्राहकांना निम्मीही पुरेना, आणि कंपनीने बॅटरी बदलून देण्याची योजना काढली होती. म्हणजे अपडेटने त्रास होतो हे खरं. पण तो त्रास कंपनीच्या दारात न्यायचा असतो, फुकट, वॉरंटीत. नाहीतर कंपनी मागाहून दुरुस्तीचा छोटा अपडेट पाठवते त्याची वाट पाहायची. खऱ्या त्रासाला धरून हा माणूस खोटं दुखणं विकत होता, म्हणून ते इतकं खरं वाटलं.

मी आणि मुलगा दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “कुठला फोन? बिल दाखवा.” चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, फोनचा नंबर नाही. माझी मूळ बॅटरी परत मागितली, तर जुने पार्ट आम्ही ठेवत नाही म्हणाला. ती चांगली बॅटरी कुणाच्या तरी फोनमध्ये अस्सल म्हणून विकली गेली असणार. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न पावतीचाच होता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, तरी पुरावा आपणच द्यायचा असतो. ४२०० ऑनलाईन दिले असते तर निदान त्याच्या नावावर पैसे गेल्याची नोंद राहिली असती. बायकोच्या फोनवरून पाठवता आले असते, तेव्हा सुचलं नाही.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती पॅटर्नने. रात्रभर त्याच्याकडे माझा उघडा फोन होता. त्यात बँकेचं अॅप, आधारचा फोटो, सातबारा, पीककर्जाचे कागद, घरच्या बायकामुलांचे फोटो. पैसे गेले नाहीत, बँकेत जाऊन पासबुक भरून पाहिलं. यूपीआयचा पिन आणि स्क्रीनचा पॅटर्न दोन्ही बदलले. फोटोंचं काय झालं असेल ते कळायला मार्ग नाही. सॅमसंगसारख्या काही फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो, तो चालू करून दिला की दुरुस्ती करणाऱ्याला आपले फोटो आणि अॅप्स दिसत नाहीत. नसेल तर समोर बसूनच काम करून घ्यावं, नाहीतर सिम आणि बँकेची अॅप्स काढूनच फोन द्यावा. काढलेला पार्ट हातात मागावा. बिलावर आयएमईआय आणि काय बदललं ते लिहून घ्यावं. जो लिहून द्यायला कां-कूं करेल त्याच्याकडे फोन ठेवू नये.

प्रामाणिक कारागीर आमच्या तालुक्यातही आहेत, त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला वाटत नाही. माझ्या जुन्या फोनचा चार्जिंगचा सॉकेट एकाने समोर बसवून दीडशे रुपयांत बदलून दिला होता आणि जुना सॉकेट कागदात बांधून माझ्या हातात दिला होता.

मागच्या पंधरवड्यात गल्लीतल्या वहिनींचा फोन आला. त्यांच्या फोनवर अपडेट आला, बॅटरी टिकेना, नेटवर्क जाई-येई. त्या त्याच दुकानात जाऊन आल्या होत्या. “बोर्ड गेला म्हणे भाऊ, साडेतीन हजार सांगितले.” मी त्यांच्या घरी गेलो. फोन बंद करून चालू केला, सिम काढून घातलं, ५जीचं ४जी केलं, वायफायचा पासवर्ड आधी कागदावर लिहून घेऊन नेटवर्क रीसेट केलं. खोकं आणि बिल शोधून काढायला लावलं. फोनला वर्ष व्हायला अजून दोन महिने होते. चार दिवस थांबा, नाही बसलं तर मीच जळगावला नेतो, असं सांगून आलो.

पाचव्या दिवशी त्या मळ्यातूनच बोलल्या, आवाज स्वच्छ येत होता. जळगावला जायची गरज पडली नाही.