नागपूरच्या उन्हात कोणता फ्लॅश घ्यावा: स्पीडलाइट, २००, ४०० की ६००?

गेल्या महिन्यात भाच्यानं विचारलं, "मामा, दोन स्पीडलाइट घेऊन घेऊ का एकच मोठा?" त्याचं कॉलेज संपलंय आणि आता पूर्ण वेळ फोटोग्राफीच करायची म्हणतो. प्री-वेडिंग, साखरपुडे, हळद, मधूनच एखाद्या कपड्याच्या दुकानाचं मॉडेल शूट. वर्षभरात हाच प्रश्न मला सात-आठ जणांनी विचारला असेल, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतो. स्पीडलाइट म्हणजे कॅमेऱ्यावर चढणारा छोटा फ्लॅश; २००, ४००, ६०० हे मोठ्या फ्लॅशचे वॉट-सेकंद, म्हणजे एका वेळी तो किती जोरानं फुटतो त्याचं माप. भाच्याला मी उलट विचारलं, "तुझं शूट किती वाजता असतं?" तो म्हणाला, "क्लायंट म्हणतील तेव्हा." खरी अडचण इथेच आहे.

आपल्याकडे क्लायंट दुपारी बारालाही उभा राहतो. पार्लरवाल्या ताईंकडून मेकअप होऊन निघेपर्यंत अकरा वाजतात, मग रामटेक गाठेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. २६ मेच्या सुमारास तर नागपुरात शून्य सावली दिवस असतो. बारा वाजून दहाएक मिनिटांनी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. चेहऱ्यावर मात्र ती नेमकी नको तिथे पडते, भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली. नवरीचे डोळे दोन काळे खड्डे दिसतात. ते खड्डे भरायला आपल्याला फ्लॅश लागतो, आणि तो किती मोठा हे त्या उन्हावर ठरतं.

हिशोब जुना आहे. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, शटर म्हणजे उजेड आत यायचा वेळ, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान आणि उजेड जास्त लागतो. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६. बहुतेक कॅमेरे फ्लॅशसोबत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे साध्या पद्धतीनं जात नाहीत. १/२०० ला एफ/११ आलं. म्हणजे दुपारच्या उन्हाशी बरोबरी करायची तर तुमचा फ्लॅश, सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणारा कापडी डबा) गाळून, माणसाच्या अंतरावर एफ/११ च्या आसपास पोचला पाहिजे. हा एक आकडा लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मी ९० सेंटिमीटरचा ऑक्टा (आठ कडांचा सॉफ्टबॉक्स), समोरचं पांढरं कापड लावून, चेहऱ्यापासून दीड मीटरवर ठेवला आणि फुल पॉवरला फ्लॅश मीटरवर मोजलं. साधारण ७६ वॉट-सेकंदांचा स्पीडलाइट एफ/५.६ च्या थोडा पुढे गेला. २०० वॉट-सेकंदांचा एफ/११ च्या जरा अलीकडे आला. ४०० चा एफ/१६ च्या जवळ, आणि ६०० चा १६ ओलांडून. तुमच्या ऑक्टाचं कापड जाड असेल तर आकडे थोडे खाली सरकतील, पण आपापसातलं अंतर तेच राहील. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. स्पीडलाइट ते २०० म्हणजे जवळपास दीड स्टॉप, २०० ते ४०० एक स्टॉप, आणि ४०० ते ६०० जेमतेम अर्ध्या स्टॉपहून थोडं जास्त. शेवटच्या त्या उडीसाठी खिशातून किती जातं ते दुकानात विचारा, मग मी ६०० बद्दल पुढे काय म्हणतो ते पटेल.

आता एकेक घेऊ. उदाहरणं गोडॉक्स कंपनीची देतो, कारण सीताबर्डीतल्या दुकानांत तेच सहज मिळतं आणि बरोबरच्या दहा फोटोग्राफरांपैकी बहुतेकांकडे तेच असतं. अडीनडीला एकमेकांची बॅटरी किंवा ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला फुटायचा इशारा देणारा) मागता येतो, ही सोय लहान नाही.

स्पीडलाइटमध्ये दोन जाती आहेत. टीटी६०० सारखा चार पेन्सिल सेलवर चालणारा, पूर्ण मॅन्युअल, सगळ्यात स्वस्त. आणि व्ही८६०-३ किंवा गोल डोक्याचा व्ही१, लिथियम बॅटरीवाले. लिथियमवाला फुल पॉवरला दीड सेकंदात पुन्हा तयार होतो आणि एका चार्जवर सुमारे ४८० वेळा फुटतो. सेलवाल्याला ताज्या सेलवरही अडीच सेकंदांच्या वर लागतात आणि सेल उतरत गेले की तो आणखी रेंगाळतो. वरातीत नवरदेव घोड्यावरून उतरतो तो क्षण तेवढा थांबत नाही. रात्रीच्या लॉनवरच्या लग्नांना लिथियमचा स्पीडलाइट हीच योग्य वस्तू आहे. एक कॅमेऱ्यावर, एक लाइटमनच्या हातात काठीवर, आणि एवढ्यात रिसेप्शन निघतं. फुटाळ्यावर सूर्य मावळताना किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडाखाली सकाळी आठला स्पीडलाइट पुरतो. दुपारी पुरत नाही. दोन स्पीडलाइट एका छत्रीत जोडले तरी एकच स्टॉप वाढतो. एफ/११ गाठायला तीन लागतील, शिवाय तिन्हींच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या वेळी संपतील.

२०० वॉट-सेकंदांच्या एडी२०० प्रो बद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते नागपुरात बाहेर काम करणाऱ्यानं पहिला फ्लॅश हाच घ्यावा. बॅटरी आणि डोक्यासकट वजन किलोच्या आसपास, आकार वीटेएवढा, बॅगेत लेन्सच्या खणात मावतो. फुल पॉवरला दोन सेकंदांच्या आत तयार होतो, एका चार्जवर सुमारे ५०० वेळा. याला दोन डोकी येतात. एक स्पीडलाइटसारखं चपटं, एक उघड्या काचेच्या बल्बचं. सॉफ्टबॉक्समध्ये बल्बचंच लावा. चपट्या डोक्याचा उजेड समोर एका पट्ट्यात जातो आणि ऑक्टाच्या कडा अंधाऱ्या राहतात. बल्ब चहूकडे फेकतो, त्यामुळे पूर्ण कापड सारखं उजळतं. डोळ्यांत पडणारा गोल ठिपका पाहिलात तर फरक लगेच कळतो.

मग एफ/११ च्या जरा अलीकडे असलेला हा फ्लॅश दुपारी पुरतो का? सूर्य माणसाच्या पाठीमागे घेतला तर पुरतो. चेहरा स्वतःच्या सावलीत येतो, केसांवर उन्हाची कड बसते आणि समोरून २०० चा उजेड ती सावली भरून काढतो. कालिदास स्मारकाच्या परिसरात सकाळी साडेदहालाही मी असंच काम करतो. सूर्य समोर किंवा अगदी माथ्यावर ठेवून त्याच्यावर मात करायची असेल तर २०० कमी पडतो. एक स्टॉप जवळ घ्या, म्हणजे दीड मीटरवरून ऑक्टा एक मीटरवर आणा, आणि मग फोटो कमरेपर्यंतच घट्ट घ्या. पूर्ण उंचीच्या फोटोत मात्र ऑक्टा चौकटीत शिरतो, तिथे नाइलाज आहे.

एडी४०० प्रो इथेच कामाला येतो. फुल पॉवरला एका सेकंदात तयार, एका चार्जवर सुमारे ३९० फ्लॅश, वजन दोन किलोंच्या वर. पूर्ण उंचीचा शालू, घागरा, ग्रुप फोटो, दुपारची हळद, या सगळ्याला तो पुरून उरतो. पण दोन किलो वर टांगले की स्टँड जाड लागतो, जाड स्टँड आला की उचलायला माणूस लागतो. मदतनिसाला घेऊनच शूटला जाणाऱ्यानं ४०० सरळ घ्यावा. एकटं जाणाऱ्याच्या गळ्यात ते ओझं पडतं.

साधारण ४०० च्या पैशात २०० चे दोन येतात, आणि ते दोन एडी-बी२ नावाच्या एका जोडकड्यात बसवले की मिळून ४०० वॉट-सेकंद होतात. बोवेन्स पद्धतीच्या जोडणीचा ऑक्टा थेट त्यावर चढतो. म्हणून भाच्याला मी सांगितलं, "आज एक २०० घे. लग्नसराईत पैसे आले की दुसरा घे, मग जोडकडं. दुपारी दोन्ही एकत्र लाव, रात्री लॉनवर वेगळे करून दोन कोपऱ्यांत ठेव." एकच ४०० असेल तर तो रात्री दोन कोपऱ्यांत ठेवता येत नाही. जोडीतला एक बिघडला तरी शूट थांबत नाही, हेही माझ्या दृष्टीनं मोठं आहे.

६०० प्रो उत्तम आहे. फुल पॉवरला ०.९ सेकंदांत तयार, रंग दर वेळी सारखा, तीन किलोंचा. वर्षातून सहा-सात वेळा मोठी जाहिरात, कारची शूट किंवा ४० माणसांचा ग्रुप असेल तर तेवढ्या दिवसांसाठी भाड्यानं आणा. प्रोफोटोचा बी१० हातात घेतला की मन जातं. २५० वॉट-सेकंद, दीड किलो, बांधणी देखणी. पण मीटरवर तो २०० आणि ४०० च्या मधेच बसतो आणि किमतीत गोडॉक्सचा अख्खा संच येऊन वर स्टँड, ऑक्टा, बॅगही येते. लग्नावर पोट असणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये असं मला मनापासून वाटतं.

व्हिडिओही करणारे विचारतात, मग एलईडीच घेतला तर? उजेड सतत दिसतो, शिकायला सोपा, हळदीच्या खोलीत छान. उन्हात मात्र गणित बघा. २०० वॉटचा एलईडी १/२०० सेकंदाच्या शटरमध्ये एक वॉट-सेकंद एवढीच वीज खर्च करतो. २०० चा फ्लॅश त्याच क्षणात आपले २०० च्या २०० ओततो. दुपारी बाहेर एलईडी लावून चेहऱ्यावर काही दिसत नाही, याचं कारण एवढंच आहे.

क्लायंटला मागचं धूसर हवं असतं, एफ/११ ला ते मिळत नाही. दोन वाटा आहेत. हाय-स्पीड सिंक (फ्लॅशसोबत शटर नेहमीच्या मर्यादेपुढे नेण्याची सोय) लावून शटर १/२००० च्या पुढे न्यायचं आणि एफ/२.८ ठेवायचं. यात फ्लॅशचा उजेड दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त वाया जातो, तो तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. दुसरी वाट एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची, उजेड कमी करणारी करडी काच. एफ/११ वरून एफ/२.८ म्हणजे चार स्टॉप, म्हणून एनडी१६ लावा, शटर १/२०० लाच राहू द्या. ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होतात, प्रमाण बिघडत नाही. २०० वाल्यानं एनडीची सवय करावी. ४०० वाल्याला हाय-स्पीड सिंकची चैन परवडते.

ट्रिगरचं थोडक्यात. एडी मालिकेतले फ्लॅश कोणत्याही कॅमेऱ्याला चालतात, ट्रिगर तेवढा निकॉन, कॅनन, सोनी असा आपापला लागतो. उद्या कॅमेऱ्याची कंपनी बदलली तर फक्त ट्रिगर बदला. स्पीडलाइट मात्र कॅमेऱ्यावर चढवायचा असेल तर आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनलेला घ्या.

आता ज्यावर कोणी पैसे घालत नाही ते. तीन वर्षांपूर्वी खिंडसी तलावाच्या काठावर, मे महिन्यात संध्याकाळी, मी एकटाच होतो. ऑक्टा वर, स्टँड हलका, खाली वजन काही नाही. वावटळ आली आणि ऑक्टा पतंगासारखा उचलला गेला. मी पोचेपर्यंत तो दगडांवर तोंडावर पडला होता. उघडून बघितलं तर बल्बच्या काचेचे तुकडे कापडात अडकलेले, आणि नवरी काळजीनं विचारत होती, "दादा, आता कसं?" उरलेलं शूट चपट्या डोक्यावर निभावलं, फोटो त्यांना आवडलेही, पण मला त्यात तो मऊपणा आजही दिसत नाही. नवा बल्ब घरी दोन मिनिटांत बसला, तो ओढून काढता येतो आणि नवा खोचता येतो. तेव्हापासून स्टँडच्या खालच्या पायाला पाच लिटरची पाण्याची कॅन बांधतो. पाच किलो वजन होतं, उन्हात सगळ्यांना प्यायलाही होतं, फक्त शूट संपेपर्यंत निम्म्याच्या वर ठेवायचं. वाऱ्याच्या दिवशी ऑक्टाऐवजी ६० सेंटिमीटरचा छोटा सॉफ्टबॉक्स घ्या आणि तो जवळ आणा.

४५ अंशांत बॅटरी बंद गाडीत ठेवू नका. मी थंड पाण्याची बाटली घालतो त्याच पिशवीत बॅटऱ्या ठेवतो, मधे एक जाड टॉवेल, म्हणजे त्यांना ओल लागत नाही. फुल पॉवरला भराभर फोडला की फ्लॅश तापून स्वतःच मंद होतो, म्हणून उन्हात अर्ध्या पॉवरवर काम बसवा आणि दोन फोटोंच्या मधे श्वास घ्या. तापलेली बॅटरी घरी आल्या आल्या चार्जरला लावू नका, तासभर पंख्याखाली ठेवा.

बाहेरगावच्या लग्नाला विमानानं जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच लागतात, सामानात टाकता येत नाहीत. १०० वॉट-अवरच्या आतल्या सहसा अडत नाहीत. एडी२०० ची जवळपास ४२ ची आहे, एडी४०० प्रोची ५६ ची, ६०० प्रोची ७५ ची. आकडा बॅटरीवर छापलेला असतो, सुरक्षा तपासणीत तोच दाखवा.

भाच्यानं मागच्या शनिवारी एक २०० प्रो, ९० चा ऑक्टा, एनडी१६ आणि सगळ्यात जाड स्टँड घेतला. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला का, हे मी दोनदा विचारलं. आता दुसऱ्या २०० साठी तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा भरायच्या मागे लागलाय.