जुन्या ४७७०के वर आरएक्स ६६००: कार्ड कसं आहे?

इंटेलच्या २०१३ च्या आय-७ ४७७०के प्रोसेसरसोबत १०८०पी गेमिंगसाठी एएमडीचं आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड अगदी योग्य आहे. ८ जीबी मेमरी, १३२ वॅटचा खप, बहुतेक मॉडेल्सना एकच ८-पिन वीजजोडणी. चांगला ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो, पण मोलेक्स (जुन्या ४-पिन वीजजोडणीच्या) अडॅप्टरवर कार्ड चालवू नका, तारा तापतात.

कार्ड बोर्डाशी बोलायला पीसीआयई जोडणीच्या फक्त ८ लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. झेड८७ चिपसेटच्या मदरबोर्डावर पीसीआयई ३.० मिळतं, त्यामुळे फटका किरकोळ. २.० वाल्या बोर्डावर, विशेषतः मेमरी भरली की, गेम अडखळतो. तिथे १६ लेनचं जुनं कार्ड बरं.

प्रोसेसर मात्र मागे पडतो, म्हणून ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) हवंच. आधी बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (तिच्या पूर्ण वेगाची तयार सेटिंग) सुरू करा. मग सर्व कोअरना ४३ चा मल्टिप्लायर (म्हणजे ४.३ गिगाहर्ट्झ) आणि १.२० व्होल्ट, तेही मॅन्युअल (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या) मोडमध्ये. अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवलं तर एव्हीएक्सच्या (जड गणिती सूचनांच्या) ताणचाचणीत हॅसवेल, म्हणजे ४७७०के च्या पिढीचा प्रोसेसर, स्वतःहून व्होल्टेज चढवतो आणि तापमान भराभर ९० अंशांपार जातं. विंडोज कोसळून निळ्या पडद्यावर ०x१२४ हा एरर कोड आला, तर ०.०१ व्होल्टने वाढवत जा. एअर कूलरवर १.३० च्या वर नको. प्रोसेसरच्या झाकणाखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट साधी असल्याने मोठा कूलरही तिथे फार मदत करत नाही.

जुन्या ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर विंडोजच्या सेफ मोडमध्ये काढूनच नवे टाका. प्रोसेसरला ४ च कोअर असल्याने गर्दीच्या दृश्यांत फ्रेम्स घसरतील. ते कार्डामुळे नाही.