सांगलीचे सिव्हिल : वडिलांच्या उपचारांचा काही महिन्यांचा अनुभव

मधुमेहामुळे वडिलांच्या तळपायाला झालेली जखम चिघळली, तेव्हा आम्ही आधी एका खासगी रुग्णालयात गेलो होतो. तेथे तपासणी पुरी होण्याआधीच अनामत रक्कम मागण्यात आली. म्हणून आम्ही पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, म्हणजे सांगलीकरांच्या सिव्हिलमध्ये आलो. भरती, शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक महिने चाललेले ड्रेसिंग पाहून सांगतो की, उपचारांबाबत येथे निःशंक राहावे. तयारी करावी ती कागदपत्रांची.

हे रुग्णालय मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९६२) संलग्न आहे आणि त्याचा फायदा सकाळच्या राउंडला दिसतो. वरिष्ठ डॉक्टर निवासी डॉक्टरांना खाटेजवळच प्रश्न विचारतात : पायाचा रक्तपुरवठा कसा आहे, संवेदना कुठवर गेली आहे, संसर्ग हाडापर्यंत पोचला आहे का. वडील सुरुवातीला बुजले, पण त्यांचा आजार आम्हाला खऱ्या अर्थाने समजला तो याच प्रश्नोत्तरांतून.

ड्रेसिंगबद्दल तर मनापासून लिहावेसे वाटते. सिस्टर वाळून चिकटलेले गॉज कधीही ओढून काढत नसत. सलाइनने ते पुरते भिजवायच्या आणि "काका, पाय सैल सोडा," असे म्हणत कडेकडेने सोडवायच्या. खाली लालसर, दाणेदार मांस दिसू लागले तेव्हा त्यांनी आम्हालाही ते दाखवले आणि जखम भरते आहे म्हणजे काय होते, हे समजावून सांगितले.

खर्चाबाबत अनेकांचा गैरसमज असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. सांगलीचे रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने येथे केसपेपर आणि काही तपासण्यांसाठी अल्प शुल्क भरावे लागते. एकाच सरकारच्या दोन विभागांत असा फरक असणे मला गैर वाटते.

शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाली. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या या योजनेचे संरक्षण २०२३ च्या निर्णयाने प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत वाढले आणि पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही त्यात स्थान मिळाले. रेशनकार्ड व आधार घेऊन भरतीच्या दिवशीच आरोग्यमित्रांना, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसांना, भेटावे. दोन्हींवरील नावात फरक असेल, तर तो त्याच वेळी त्यांच्या लक्षात आणून द्यावा.

जत, आटपाडीप्रमाणेच सीमेपलीकडच्या अथणी भागातूनही रुग्ण येथे येतात आणि केसपेपरच्या रांगेत कन्नड सर्रास ऐकू येते. योजनेची माहिती आणि विभागांचे फलक ठळक कन्नडमध्येही असावेत, अशी माझी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे.