सेअरचं अनुदान: शेतकऱ्याचं की भागीदारीचं?

ओहायोत भाजीपाला पिकवणाऱ्या मित्राला भोपळ्याआधी राय (गव्हासारखं धान्य) पेरून तण किती दबतं, ते पाहायचंय. सेअरच्या शेतकरी अनुदानासाठी अर्ज करायचा की भागीदारी अनुदानासाठी, यावर गाडी अडलीय.

सेअर हा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पैशावर 1988 पासून चालणारा शाश्वत शेतीचा कार्यक्रम. देशाचे चार विभाग, प्रत्येकाचे नियम निराळे. ओहायो नॉर्थ सेंट्रल विभागात येतं.

पैसा: तिथल्या शेतकरी अनुदानात अलीकडे एकट्याला 15,000 डॉलरपर्यंत, तर वेगवेगळ्या शेतांवरच्या दोघा-तिघांनी मिळून केल्यास 30,000 पर्यंत मिळतात. भागीदारी अनुदान याहून मोठं. मात्र ते मागतो कृषी व्यावसायिक, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणारा विस्तार कर्मचारी किंवा संस्थेतला माणूस, आणि सोबत किमान तीन शेतकरी लागतात.

मेहनत: खरी मेख इथे आहे. शेतकरी अनुदानात प्रयोग तुमचा, नोंदीही तुमच्याच. ऐन हंगामात जमिनीवर ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्यातलं तण उपटायचं, वाळवायचं, वजन करायचं, वर अहवाल लिहायचा. आपल्या मजुरीचे पैसे धरता येतात, हे बरं. भागीदारीत कागदपत्रं दुसरा सांभाळतो, पण प्रश्नही बहुधा तोच ठरवतो.

शेत उभारायला किंवा वाढवायला म्हणून दोन्हींतला पैसा नाही. ट्रॅक्टरचं स्वप्न असेल तर बँक गाठा.

प्रश्न स्वतःचा आणि वही लिहायची सवय असेल, तर शेतकरी अनुदान. तीन शेतांवर पडताळायचंय आणि विस्तार कार्यालयात भरवशाचा माणूस आहे, तर भागीदारी. मित्राने शेतकरी अनुदानच मागावं.