नुसती वायर की बनाना प्लग?

मित्राने नवा स्टिरिओ अॅम्प (अॅम्प्लिफायर) आणला आणि स्पीकरच्या वायरीपाशीच अडकलाय, नुसती सोलून अडकवू की बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावून भोकात खुपसायची धातूची पिन) घेऊ म्हणून. आवाजाचं आधी सांगतो, दोन्हीत फरक ऐकू येत नाही, प्लगवरचा सोन्याचा मुलामा वगैरे सोडून द्या.

खर्च बघितला तर सोललेली वायर फुकटच. १०-१२ मिमी सोलायची, तारा घट्ट पिळायच्या, भोकात घालून नॉब आवळायचा, झालं. पण खरी भानगड इथेच आहे, एखादी बारीक तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट, अॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो) आणि नशीब वाईट असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टरच उडतात. शिवाय उघडं तांबं हळूहळू काळं पडतं, मग पुन्हा कापा, पुन्हा सोला.

प्लगला सुरुवातीला अर्धा तास जातो, चार टोकं अॅम्पकडची, चार स्पीकरकडची, पण नंतर अॅम्पमागे आंधळेपणाने हात घालूनही लागतात. भोक ४ मिमीचं असतं, कधीकधी त्यात प्लास्टिकचं बूच असतं ते आधी काढा (मी उगाच प्लगला शिव्या देत बसलो होतो). स्प्रिंगच्या क्लिपवाल्या टर्मिनलला मात्र हे प्लग सहसा बसत नाहीत. आणि काहीही लावा, लाल-काळं सांभाळा (दोन्हीकडे लालला लाल, काळ्याला काळं), अॅम्प बंद ठेवूनच.

एकदा लावून वर्षानुवर्षं हलवायचं नसेल तर नुसती वायर बास. सारखे स्पीकर बदलणारे, कपाट पुढेमागे सरकवणारे असाल तर प्लगच घ्या.