द्राक्षांच्या कंटेनरसाठी बहु-ओळख सिम: घ्यावं का, आणि घेतलं तर कसं बसवावं

निफाड-पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून निघालेला द्राक्षांचा रीफर, म्हणजे शीतकंटेनर, न्हावा शेव्याला बोटीवर चढतो आणि सुएझमार्गे गेला तर साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी रॉटरडॅमला उतरतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, तेव्हा प्रवास आणखी दीड-दोन आठवड्यांनी लांबला. आतलं तापमान उणे अर्धा ते शून्य अंशाच्या आसपास राहायला हवं. ते मध्येच चार-पाच अंशांनी चढलं होतं का, याची नोंद कंटेनर धक्क्यावर उतरताच हाती आली तर निर्यातदाराला दाव्यासाठी काही आधार मिळतो. दोन दिवसांनी आली तर माल तोवर पुढे गेलेला असतो. कंटेनरवरच्या ट्रॅकरला म्हणूनच नव्या देशात, माणसाचा हात न लागता, पहिल्या तासाभरात नेटवर्क पकडता आलं पाहिजे. बहु-ओळख सिम विकलं जातं ते याच कामासाठी.

आमचं मत आधीच सांगतो. वस्तू चांगली आहे आणि या कामासाठी साध्या रोमिंग सिमपेक्षा नक्कीच वरचढ आहे. पण तयार फर्मवेअरच्या, म्हणजे आधीच भरलेल्या अंतर्गत प्रोग्रामच्या, यंत्रात नुसतं घातलं तर ते साध्या सिमपेक्षाही वाईट चालू शकतं. कारण सिममधला ॲपलेट, म्हणजे छोटा प्रोग्राम, ओळख बदलायला वेळ मागतो, आणि बहुतेक फर्मवेअर तो वेळ देत नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. साध्या सिममध्ये एकच आयएमएसआय, म्हणजे नेटवर्कला दाखवायची पंधरा आकड्यांची ओळख असते. बहु-ओळख सिममध्ये तीन-चार किंवा जास्त ओळखी आणि त्यांच्या किल्ल्या असतात, सोबत एक छोटा ॲपलेट. मोडेम, म्हणजे ट्रॅकरचा नेटवर्कशी बोलणारा भाग, ‘सेवा नाही’ किंवा ‘मर्यादित सेवा’ असं सिमला कळवतो, तसा ॲपलेट टायमर लावतो. टायमर संपला की पुढची ओळख आयएमएसआयच्या फाइलमध्ये लिहितो आणि मोडेमला ‘रिफ्रेश’ हा आदेश देतो. मग मोडेमने सिम नव्याने वाचायचं आणि नव्या ओळखीने दार ठोठवायचं. एका बदलाला पुरवठादाराच्या टायमरनुसार दोन ते पाच मिनिटं धरा.

सगळ्यात जास्त वेळा गाडी अडते ती इथेच. फर्मवेअरमध्ये ‘साठ सेकंदांत नोंदणी झाली नाही तर मोडेमची वीज तोडून परत चालू कर’ अशी एक ओळ असते. घरच्या नेटवर्कवर ती निरुपद्रवी असते. रॉटरडॅमला मात्र ॲपलेटचा टायमर दर साठ सेकंदांनी शून्यावर येतो, ओळख कधीच बदलत नाही, आणि दोष सिमला लागतो. किती वेळ थांबायचं याचा हिशोब सोपा आहे: ओळखींची संख्या गुणिले एका बदलाचा वेळ, अधिक पहिल्या शोधाची तीन मिनिटं. तीन ओळखी आणि पाच मिनिटांचा टायमर असेल तर अठरा मिनिटं होतात, वीस धरा. या वीस मिनिटांत मोडेमला हात लावायचा नाही.

दुसरी अडचण मोडेमच्या एसटीके सेटिंगची, म्हणजे सिमकडून येणारे आदेश ऐकण्याच्या सोयीची. अनेक मॉड्यूलवर, म्हणजे बोर्डावर बसवायच्या तयार मोडेमवर, ती कारखान्यातून बंद येते. सिमकॉमच्या एसआयएम७६०० मालिकेत एटी+एसटीके=१ हा आदेश (मोडेमला द्यायचे आदेश असे ‘एटी’ने सुरू होतात) देऊन मॉड्यूल रीस्टार्ट करायचं. क्वेक्टेलकडे त्याच कामाचा आदेश एटी+क्यूएसटीके. तिथे कच्चा डेटा बाहेर देणारा मोड मात्र टाळा. त्या मोडमध्ये सिमच्या प्रत्येक आदेशाला तुमच्या मायक्रोकंट्रोलरने उत्तर द्यायचं असतं, आणि उत्तर गेलं नाही की ॲपलेट तिथेच अडकून बसतो. रिफ्रेश, टायमर आणि स्थानमाहिती हे तीन आदेश मोडेमने आपले आपण हाताळले पाहिजेत. काही जुन्या फर्मवेअर आवृत्त्या रिफ्रेश ऐकतात पण आयएमएसआय पुन्हा वाचत नाहीत. मग मोडेम जुन्या ओळखीने दार ठोठावतो, सिम नव्या किल्लीने उत्तर देतं आणि प्रमाणीकरण फसतं. अशा वेळी मॉड्यूलचं फर्मवेअर अद्ययावत करण्याला पर्याय नाही.

आता मॉड्यूल कोणतं? भारत आणि नेदरलँड्स ही दोन टोकं धरली तर क्वेक्टेल बीजी९५-एम३ या मार्गाला बसत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ते एलटीई-एम, एनबी-आयओटी (दोन्ही यंत्रांसाठीची, कमी विजेवर चालणारी ४जीची रूपं) आणि २जी एवढंच बोलतं. नेदरलँड्समध्ये केपीएन या दूरसंचार कंपनीचं एलटीई-एम आहे, तिथे ते बॅटरी छान वाचवेल. भारतात एलटीई-एम नाही, त्यामुळे न्हावा शेव्याच्या यार्डात ते २जीवर येतं, आणि जिओकडे तर २जी कधीच नव्हतं. एसआयएम७६००जी-एच हे कॅट-४, म्हणजे वेगवान ४जीचं, मॉड्यूल आकाराने आणि विजेच्या खर्चाने मोठं आहे, पण पट्ट्यांची, म्हणजे ४जीच्या फ्रिक्वेन्सी बँडची, काळजी मिटते: भारतासाठी ३, ५, ८, ४० आणि युरोपसाठी ३, ७, ८, २०, २८ सगळ्या त्यात आहेत. कॅट-१ बिस, म्हणजे कमी वेगाच्या ४जीचं, मॉड्यूल घेणार असाल तर डेटाशीटमध्ये ५, २०, २८ आणि ४० हे चार आकडे आधी शोधा. ‘ग्लोबल’ या छापील शब्दावर जाऊ नका.

३जीवर तर विसंबूच नका. केपीएनने ते २०२२ मध्येच बंद केलं. २जी मागे-आधार म्हणून ठेवायचं असेल तर वीजपुरवठा तपासा. २जीच्या झटक्याला दोन अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. लिथियम-थायोनिल क्लोराइडचा सेल थंडीत तेवढा देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळतं, मोडेम रीस्टार्ट होतो आणि पुन्हा ॲपलेटचा टायमर शून्यावर. सेलच्या जोडीला सुपरकपॅसिटर किंवा पल्स कपॅसिटर हवाच.

मोडेमच्या बाकी सेटिंगचा क्रम असा ठेवावा. नेटवर्कची निवड स्वयंचलित, म्हणजे एटी+सीओपीएस=०. कुणीतरी चाचणीच्या वेळी २०४०८, म्हणजे केपीएन, हाताने निवडून ठेवतं आणि ते तसंच राहून जातं. मग ओळख बदलली तरी मोडेम त्याच एका दारापाशी उभा राहतो. एपीएन, म्हणजे डेटा-जोडणीचं प्रवेशनाव, एटी+सीजीडीकॉन्टने पहिल्या संदर्भात लिहा, प्रकार ‘आयपी’ ठेवा. रोमिंगमध्ये दुहेरी आयपीव्ही४-व्ही६ प्रकार काही ठिकाणी नाकारला जातो. सगळ्या ओळखींना एकच एपीएन चालतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. चालत नसेल तर ते सिम या कामाला घेऊ नका, कारण ओळख बदलली की एपीएन बदलण्याची जबाबदारी तुमच्या फर्मवेअरवर येते आणि एलटीईवर एपीएन चुकला तर नोंदणीच होत नाही.

नोंदणीची स्थिती एटी+सीईआरईजीने वाचताना १ आणि ५ दोन्ही ‘झाली’ धरायच्या. १ म्हणजे घरचं नेटवर्क, ५ म्हणजे रोमिंग. फर्मवेअरने फक्त १ ची वाट पाहिली तर नेटवर्क हातात असून यंत्र उपाशी राहतं. ही चूक इतकी साधी आहे की कोड तपासताना नजरेतून सुटते. ज्या मॉड्यूलवर सीईआरईजी=३ चालतं तिथे नकाराचं कारणही मिळतं. ते लॉगमध्ये ठेवा, कारण पुढचं सगळं निदान त्यावर चालतं. ११ आलं तर ते नेटवर्क निषिद्ध यादीत गेलं. १३ आणि १५ त्या भागापुरते असतात. ८ आलं तर मोडेम सिमच बाद धरतो आणि रिफ्रेश किंवा रीस्टार्ट होईपर्यंत प्रयत्नच करत नाही. १७ हा नेटवर्कचा बिघाड असतो: मोडेम पाच प्रयत्न करतो आणि मग मानकाप्रमाणे बारा मिनिटं गप्प बसतो. ते हँग होणं नव्हे.

निषिद्ध यादीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ती सिमवर लिहिली जाते आणि वीज तोडली तरी राहते. एका ओळखीला नाकारलेलं नेटवर्क दुसऱ्या ओळखीला चालू शकतं. चांगला ॲपलेट ओळख बदलताना ही यादी पुसतो, साधारण ॲपलेट पुसत नाही. वाचायचा आदेश एटी+सीआरएसएम=१७६,२८५३९,०,०,१२. पुसायचा असेल तर १७६ च्या जागी २१४ आणि शेवटी चोवीस वेळा एफ. फाइल बारा बाइटपेक्षा मोठी असू शकते, म्हणून आधी १९२ ने तिची लांबी पाहा. मोडेम या यादीची प्रत स्वतःच्या स्मृतीतही ठेवतो, त्यामुळे पुसल्यावर रेडिओ बंद-चालू केल्याशिवाय फरक पडत नाही. रेडिओ बंद करायला सीएफयूएन=४ वापरा, ० नको. ० ने सिमचीही वीज जाते, ४ ने फक्त रेडिओ थांबतो. हे पुसणं दिवसातून एकदाच करा. दर वेळी पुसलं तर मोडेम नकार देणाऱ्या नेटवर्कांवर पुन्हा पुन्हा जाऊन आपटतो.

वीस मिनिटांत काहीच झालं नाही तर मग रेडिओ दहा सेकंद बंद, परत चालू, आणखी एक फेरी. तरीही नाही तर पूर्ण रीस्टार्ट आणि झोप. झोपेच्या वेळेत यंत्रागणिक थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर एका बोटीवरचे शंभर ट्रॅकर धक्क्यावर एकाच क्षणी उठतात.

समुद्रातले दिवस हा वेगळाच प्रश्न आहे आणि पुरवठादार त्यावर क्वचित बोलतात. तिथे नेटवर्क नसतं, त्यामुळे मोडेम चालू राहिला तर ॲपलेट दर पाच मिनिटांनी ओळख बदलत बसतो. पंचवीस दिवसांत ७,२०० वेळा. सिमच्या स्मृतीला लिहिण्याची मर्यादा असते. लाखभर वेळा टिकणारी स्मृती असेल तर अशा चौदा प्रवासांत ती संपली, बॅटरी त्याच्या कितीतरी आधी. म्हणून दर सहा तासांनी वीस मिनिटांची खिडकी ठेवा, बाकी वेळ मोडेम बंद. ‘पहिल्या तासाभरात’ हवं असेल तर सहा तासांच्या भरवशावर राहून चालत नाही: क्रेनने उचलल्याचा धक्का ॲक्सेलरोमीटरने ओळखून खिडकी लगेच उघडा. पीएसएमवर, म्हणजे मोडेमच्या वीज-बचतीच्या झोपेवर, विसंबू नका. त्यात सिम झोपलं की ॲपलेटचा टायमरही झोपतो.

ॲपलेट शेवटची ओळख आणि फेरीचा हिशोब वीज गेल्यावरही लक्षात ठेवतो का, हे विचारून घ्या. नसेल ठेवत तर प्रत्येक खिडकी पहिल्या ओळखीपासून सुरू होईल. बोटीवरची स्वतःची छोटी नेटवर्कंही असतात. त्यांचा दर जबर असतो, म्हणून ९०१ ने सुरू होणारी सागरी नेटवर्कं पुरवठादाराकडून बंद करून घ्या. नोंदींसाठी जागा फार लागत नाही: दर पंधरा मिनिटांना एक, पंचवीस दिवसांच्या २,४००, बत्तीस बाइटप्रमाणे ७७ केबीच्या आत. वळशाचा प्रवास धरून दुप्पट ठेवा.

भारताच्या बाजूने एक कायदेशीर मुद्दा. दूरसंचार नियामक ट्रायने मार्च २०२४ मध्ये शिफारस केली की आयात यंत्रांतल्या रोमिंगवरच्या परदेशी एम२एम (यंत्र-ते-यंत्र) ई-सिमचे प्रोफाइल सहा महिन्यांच्या आत भारतीय कंपन्यांच्या प्रोफाइलवर आणावेत. हंगाम संपल्यावर ट्रॅकर आठ महिने नाशिकच्या गोदामात पडून राहणार असतील तर परदेशी ओळखींवर त्यांना चालू ठेवणं धोक्याचं आहे. भारतीय ओळख असलेलं सिम घ्या, किंवा पूर्ण प्रोफाइल बदलता येणारं ई-सिम (ईयूआयसीसी). बहु-ओळख सिममधल्या सगळ्या ओळखी एकाच पुरवठादाराच्या असतात. त्याच्याशी बिनसलं तर ॲपलेट तुमच्या कामाचा राहत नाही, हा या वस्तूचा खरा दोष.

आकारात एमएफएफ२, म्हणजे बोर्डावर डाखायची पाच बाय सहा मिलिमीटरची चिप, या कामाला योग्य. कंटेनरच्या हादऱ्यांत प्लास्टिक सिमचा संपर्क सुटतो. पण डाखलेली चिप बदलता येत नाही, म्हणून आधी प्लास्टिकच्या नमुन्यांवर चाचणी करा, आणि नमुन्यात व चिपमध्ये ॲपलेटची आवृत्ती एकच आहे याची खात्री मागा. चाचणीत अँटेना काढून तिथे ५० ओहमचा टर्मिनेटर लावा आणि दर तीस सेकंदांनी सीआयएमआय (आयएमएसआय), सीईआरईजी आणि सीएसक्यूची (सिग्नलची ताकद) उत्तरं फाइलमध्ये लिहा. सीआयएमआयचा आकडा ठरलेल्या वेळी बदलताना दिसला पाहिजे. आयसीसीआयडी, म्हणजे सिमचा स्वतःचा क्रमांक, सहसा तोच राहतो, म्हणून सर्व्हरवर यंत्राची नोंद आयसीसीआयडीवर करा, आयएमएसआयवर नको. हे सगळं ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास हाती घेतलं तर जानेवारीत पहिला कंटेनर भरायच्या आत फर्मवेअर एकदा दुरुस्त करून पुन्हा तपासायला वेळ उरतो.