बिल्डरूटचं ‘मेक लीगल-इन्फो’: ३ प्रॉडक्टनंतरचा रिव्ह्यू

बिल्डरूट (छोट्या डिव्हाइससाठी लिनक्स सिस्टिम बिल्ड करणारं टूल) कसं आहे हे एम्बेडेडवाल्यांना माहितीच आहे, मी फक्त ‘मेक लीगल-इन्फो’ या एका कमांडबद्दल लिहितोय, जी वापरलेल्या पॅकेजची लायसन्स आणि सोर्स गोळा करते, कारण हिच्याकडे फार कमी लोक बघतात.

डिव्हाइसमध्ये लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स (लिनक्सच्या मूलभूत कमांडचा संच) टाकलं की जीपीएल व्ही२ हे ओपन सोर्स लायसन्स आलंच. मग ज्याला डिव्हाइस दिलं त्याला सोर्स कोड एकतर सोबत द्यायचा, नाहीतर किमान ३ वर्षं चालेल अशी लेखी ऑफर द्यायची. बऱ्याच ठिकाणी मॅन्युअलच्या शेवटी ती ओळ छापतात आणि विषय संपला असं धरतात. आमच्याकडेही तेच होतं, मग एका ग्राहकाने खरंच सोर्स मागितला आणि ते फर्मवेअर (डिव्हाइसमधलं सॉफ्टवेअर) कुठल्या कमिटवरून, म्हणजे कोडच्या कुठल्या नोंदीवरून, बिल्ड केलं होतं हेच कोणाला सांगता येईना, ज्याने केलं तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि त्या ग्राहकाला उत्तर द्यायला आम्हाला कितीतरी दिवस लागले. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण तो त्याच्या हक्काचीच गोष्ट मागत होता.

तेव्हापासून प्रत्येक रिलीजला ही कमांड चालवतो. आउटपुटमध्ये लीगल-इन्फो नावाचं फोल्डर तयार होतं, त्यात सीएसव्हीमध्ये (तक्त्याच्या फाइलमध्ये) प्रत्येक पॅकेजचं नाव, व्हर्जन, लायसन्स, मग लायसन्सच्या मूळ फाइल्स, सोर्सचे टारबॉल (पॅक केलेल्या फाइल्स), त्यावर लावलेले पॅच (कोडमधले बदल) क्रमासकट, आणि तुमची कॉन्फिग (बिल्डची सेटिंग्ज). डिव्हाइसवर जाणारं आणि फक्त बिल्ड मशीनवर लागणारं हे दोन्ही वेगळं ठेवतं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. नाहीतर कंपायलरचं लायसन्स बघून मॅनेजर घाबरतो आणि त्याला समजवण्यात एक अख्खी मीटिंग जाते.

आता जिथे गडबड होते ते. तुमचं पॅकेज लोकल फोल्डरमधून येत असेल किंवा कर्नलला ओव्हरराइड लावला असेल (म्हणजे मूळ सोर्सऐवजी तुमचं फोल्डर वापरत असाल) तर त्याचा सोर्स सेव्हच होत नाही. वॉर्निंग येते, रीडमीमध्येही लिहिलेली असते, पण कमांड यशस्वी झाली म्हटल्यावर रीडमी कोण उघडतंय? आणि नेमके तुम्ही केलेले बदल तिथेच असतात! बिल्डरूटचा स्वतःचा सोर्सही त्यात नसतो, तो आपण आठवणीने टाकायचा, कारण जीपीएल व्ही२च्या कलम ३ मध्ये कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही सोर्समध्येच धरल्यात. टारबॉल दिले आणि बिल्ड कसं करायचं ते नाही दिलं तर ते अर्धवटच.

दुसरं म्हणजे हे टूल कोड स्कॅन करत नाही. पॅकेजच्या एमके फाइलमध्ये (ते कसं बिल्ड करायचं हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) कोणीतरी हाताने जे लायसन्स लिहिलंय तेच छापतं, तुम्ही स्वतःच्या पॅकेजला लिहायला विसरलात तर सरळ अननोन येतं. गो आणि रस्ट या भाषांमधल्या पॅकेजना तर टूल स्वतःच सांगतं की आतल्या डिपेंडन्सीची (त्यांनी वापरलेल्या इतर लायब्ररींची) लायसन्स बहुतेक यादीत नाहीत. एवढं स्पष्ट सांगतात हे चांगलंय, पण ते काम आपल्यावरच येतं.

योक्टो या अशाच दुसऱ्या टूलमध्ये नको असलेलं लायसन्स बिल्डच्या वेळीच अडवता येतं, तसं इथे नाही. सिक्युअर बूटवाल्या (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या) घरगुती डिव्हाइसमध्ये जीपीएल व्ही३चं काही चुकून शिरलं तर बदललेलं सॉफ्टवेअर चालवायला लागणारी माहिती, गरज पडली तर सही करायची कीसुद्धा, ग्राहकाला द्यायची वेळ येते, म्हणून सीएसव्ही आम्ही दर वेळी डोळ्यांनी वाचतो.

वापरणार असाल तर एक करा, तयार झालेलं फोल्डर आणि बिल्डरूटचा अख्खा सोर्स टीमबाहेरच्या कोणाला तरी द्या आणि कोऱ्या मशीनवर बिल्ड करायला सांगा. आमचं पहिल्यांदा टूलचेनपाशीच (कंपायलर वगैरेपाशीच) अडलं, दुसऱ्यांदा एक पॅच कोणाच्या तरी लॅपटॉपवर राहिलेला, तिसऱ्यांदा झालं.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो लोकल पॅकेजसाठी, तिथे नुसती वॉर्निंग न देता एरर देऊन थांबायला पाहिजे.